लॅटिन कोशात 'तुली' सापडत नाही!

लॅटिन वाचताना 'तुली' असा शब्द आला, की नवशिक्या माणूस तो नेटवरच्या कोशात टाकतो आणि बऱ्याचदा 'नोंद नाही' असं उत्तर येतं. अर्थ अगदी साधा, 'मी वाहून नेलं'. पण नोंद असते 'फेरो' (मी वाहतो) या शब्दाखाली. यात विचित्र काही नाही म्हणा, मराठी कोशात 'गेलो' शोधलंत तरी 'जाणे'च बघावं लागतं. फक्त ते आपल्याला ठाऊक असतं! इथे शब्द कळायला व्याकरण हवं आणि व्याकरण कळायला शब्द. घ्या!

दोष नेटचा नाही. नेटवर फुकट मिळणारा मोठा लॅटिन-इंग्रजी कोश म्हणजे १८७९ सालचा 'लुईस आणि शॉर्ट'. मूळ फ्रॉइंडचा लॅटिन-जर्मन कोश, मग अँड्र्यूजचं इंग्रजी रूप (१८५०), आणि त्यावर या दोघांचं काम. दोघांचं म्हणायचं इतकंच, कारण शॉर्टसाहेबांनी फक्त 'ए' अक्षर केलं, २१६ पानं. बाकी सगळं लुईसनं, तेही पेशानं वकील असून! टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस प्रकल्पानं तो नेटवर आणला, शब्दरूपं ओळखायची सोयही जोडली. पण मूळ पानं लिहिली गेली ती शाळेत लॅटिन घोकून आलेल्यांसाठी.

वर स्पेलिंगचा घोळ. 'युस' म्हणजे कायदा. लुईस-शॉर्टमध्ये तो 'जे'वर मिळतो, १९६८ ते १९८२ मध्ये निघालेल्या ऑक्सफर्डच्या कोशात 'आय'वर. आणि 'युस' म्हणजे रस्साही बरं का!

या भानगडीवर मला सगळ्यात आवडलेला उतारा एका फौजी माणसाचा आहे. विल्यम व्हिटेकर, अमेरिकन वायुदलातले कर्नल. संरक्षण खात्यात शेकडो प्रोग्रॅमिंग भाषांची खिचडी झाली होती. त्यावर १९७५ मध्ये जो गट नेमला, त्याचे ते अध्यक्ष. त्यातूनच पुढे 'एडा' ही भाषा आली. याच एडात त्यांनी 'वर्ड्स' हा लॅटिन प्रोग्रॅम लिहिला. युक्ती सोपी: क्रियापदाची चार अंगं साठवायची, आलेल्या शब्दाचा प्रत्यय तोडायचा आणि उरलेलं जुळवून बघायचं. 'तुली'तून 'ई' काढा, उरतं 'तुल', ते 'फेरो'चं तिसरं अंग. झालं काम!

'एस्त' दिलंत तर मात्र तो दोन उत्तरं देतो, 'तो आहे' आणि 'तो खातो'. ठरवायचं आपण.

व्हिटेकर २०१० मध्ये गेले. नोत्र दाम विद्यापीठानं प्रोग्रॅमची प्रत नेटवर ठेवली, आणि एडा येणाऱ्या हौशी मंडळींनी त्याचा कोड पुढे चालवला.