पेशींचा शेजार

कर्करोगाची कहाणी बहुतेक वेळा एका बिघडलेल्या पेशीपासून सुरू होते. मला मात्र आज तिच्या शेजारणींविषयी बोलायचे आहे.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वर्नर लोवेन्स्टाइन आणि योशिनोबू कानो हे माशीच्या अळीच्या लाळग्रंथी तपासत होते. केसाहून बारीक काचेच्या सुयांनी त्यांनी एका पेशीत वीज सोडली, तर ती शेजारच्या पेशीतही सहज पोहोचली. मज्जापेशींचे ठीक आहे, पण लाळेच्या पेशींना विजेचे काय काम? १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाचा अर्थ एवढाच, की शेजारी पेशींमध्ये थेट ये-जा करण्याच्या वाटा असतात. त्या वाटांनी क्षार, साखर, निरोप पोहोचवणारे छोटे रेणू असे बरेच काही जाते.

मग दोघांनी उंदरांच्या यकृताकडे मोर्चा वळवला. निरोगी यकृतात वाटा मोकळ्या होत्या. यकृताच्या कर्करोगाच्या गाठींत त्या सापडल्याच नाहीत. ‘आता वाढ पुरे’ हा शेजाऱ्यांचा निरोपच या पेशींना मिळत नसावा, असा तर्क १९६६ साली पुढे आला. त्याच वर्षी ग्लासगोत मायकेल स्टोकर यांना दिसले, की विषाणूने बिघडलेल्या पेशी निरोगी पेशींना चिकटून असल्या, की त्यांची वाढ आवरली जाते.

तर्क मोठा देखणा होता. पण लवकरच इतर प्रयोगशाळांत एकमेकींशी उत्तम जोडलेल्या कर्कपेशीही मिळाल्या. एवढ्यावर तो टाकून दिला गेला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. त्याला पुढचा आधार मिळाला तो चक्क जमालगोट्यातून! त्याच्या तेलातले एक द्रव्य उंदरांच्या कातडीवर गाठी वाढवते, हे ठाऊक होते. तेच द्रव्य पेशींमधली देवाणघेवाण बंद पाडते, असे १९७९ साली आढळले. पुढे या वाटा ज्या प्रथिनांच्या बनतात, त्या कनेक्सिनची जनुके हाती आली. १९९७ साली यकृतातले एक कनेक्सिन नसलेले उंदीर तपासले, तर त्यांच्या यकृतात गाठींचे प्रमाण बरेच जास्त निघाले.

मेंदूत मात्र उलटाच प्रकार दिसला. स्तनातून किंवा फुप्फुसातून मेंदूत शिरलेल्या कर्कपेशी तिथल्या ताराकृती पेशींशी याच वाटांनी नाते जोडतात आणि त्यांच्याच मदतीने औषधांपुढे तग धरतात, असे २०१६ साली उंदरांवरील प्रयोगांत आढळले. म्हणून त्या प्रयोगांत वाटा बंद करणारी औषधे देऊन पाहिली, आणि मेंदूतल्या गाठी आटोक्यात आल्या.