विर्तानेन : एका आडनावाची कुळकथा

फिन्लंडमध्ये आज सर्वांत अधिक आढळणाऱ्या आडनावांत विर्तानेन हे एक आहे. ‘विर्ता’ म्हणजे वाहता ओघ, आणि ‘नेन’ हा लहानपणा वा आपलेपणा सुचविणारा प्रत्यय. याच वळणाने टेकडीवरून मॅकिनेन, सरोवरावरून यॅर्विनेन, बेटावरून सारिनेन अशी नावे झाली. ती ऐकून परक्या माणसाला वाटते की, अरण्यात राहणाऱ्या कोण्या प्राचीन पूर्वजाच्या दारावरून प्रवाह वाहत असावा, आणि त्याचे नाव वंशजांनी जपले असावे. कल्पना रम्य आहे; पण ती बहुतांशी खरी नव्हे.

जुनी, वंशपरंपरेने चालत आलेली आडनावे होती ती पूर्व फिन्लंडात. सावो आणि कारेलिया या प्रदेशांतील शेतकरी जंगल तोडीत, जाळीत आणि त्या राखेत धान्य पेरीत. काही वर्षांत जमिनीचा कस उतरला की कुटुंब पुढे निघे. घर मागे राही, शेत मागे राही. बरोबर येई ते कुळाचे नाव. पश्चिमेकडे नेमका उलटा प्रकार होता. तेथे माणसे स्थिर होती, आणि नाव माणसाचे नसून वाड्याचे असे. जो त्या वाड्यात नांदे त्याला ते लागे. घरजावई म्हणून आलेल्या पुरुषालाही सासरच्या वाड्याचेच नाव मिळे. ज्यांच्यापाशी वाडाच नव्हता, त्या कुळांना व गड्यांना ‘अमक्याचा मुलगा’ एवढीच ओळख पुरे होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या निघाल्या, शहरे वाढली, आणि ही ओळख अपुरी पडू लागली. तेव्हा पश्चिमेकडील या भूमिहीनांनी निसर्गातला एखादा शब्द उचलला, त्याला पूर्वेकडील घरंदाज ‘नेन’ प्रत्यय जोडला, आणि आडनाव तयार केले. विर्तानेन हे बहुतेक असेच घडले. त्यात नदीकाठच्या वास्तव्याची साक्ष शोधू जाणे व्यर्थ आहे. शब्द आवडला, एवढे कारण पुष्कळांना पुरले असावे.

या निवडीला भाषेच्या अभिमानाचीही जोड मिळाली. १८०९ पर्यंत देश स्वीडनच्या अमलाखाली होता, पुढे तो रशियाच्या झारकडे गेला. तरी कचेरीची व विद्येची भाषा स्वीडिशच राहिली. अनेक फिनी भाषिकांची आडनावेही स्वीडिश होती. फिनी भाषेला राज्यकारभारात स्थान मिळवून देणाऱ्या योहान विल्हेल्म स्नेलमन यांची जन्मशताब्दी १२ मे १९०६ रोजी आली. त्या दिवशी स्वीडिश आडनावे टाकून फिनी नावे घ्यावीत, असे आवाहन कादंबरीकार योहानेस लिन्नानकोस्की यांनी केले. १९०६ आणि १९०७ या दोन वर्षांत सत्तर हजार ते एक लाख लोकांनी नावे बदलली असा अंदाज आहे. ज्यांच्या गौरवार्थ हे झाले त्या स्नेलमन यांचे स्वतःचे आडनाव मात्र स्वीडिश वळणाचे होते!

काहींनी हे आधीच केले होते. पुढे १९४६ ते १९५६ पर्यंत राष्ट्राध्यक्ष असलेले पासिकिवी हे जन्माने हेलस्टेन. १८८५ साली त्यांनी नाव बदलले. दोन्ही नावांत सपाट खडकच आहे, केवळ भाषा निराळी. असे भाषांतर सर्वांनी केले नाही. पुष्कळांनी जुन्या नावाचा अर्थ सोडून मनाजोगे नवे नाव घेतले, आणि मागच्या पिढ्यांशी असलेला दुवा आपल्या हाताने तोडला. हा तोटा लहान नव्हता. आडनाव प्रत्येकाला असलेच पाहिजे, हा कायदा तर १९२० साली झाला.

१९४५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे, हिरवी वैरण टिकविण्याची रीत शोधणारे आर्तुरी इल्मारी हेही विर्तानेनच. परंतु दोन विर्तानेन भेटले म्हणजे ते भाऊबंद ठरत नाहीत. त्यांनी आपापली वंशावळ चर्चच्या वह्यांत शोधली, तर काही पिढ्यांमागे बहुधा दोन निरनिराळ्या बापांची नावे लागतात, आणि ‘विर्ता’ हा शब्द कोठेच लागत नाही.