पुण्यातील संशोधनशाळा आणि नगरचा हिशेब

पुण्याच्या हडपसर औद्योगिक वसाहतीत १९८१ साली एका खासगी कंपनीने संशोधनशाळा उघडली. कंपनीचे नाव टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस. शाळेचे नाव टाटा संशोधन, विकास व आरेखन केंद्र. या घटनेवर नगरच्या वसंत व्याख्यानमालेत बोलण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्तच होय. प्रयोजन एवढेच की, विद्येच्या खातेवहीत नगर पुण्यापासून वेगळे नाही. १९४९ च्या फेब्रुवारीत बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या कुलगुरुत्वाखाली पुणे विद्यापीठ उभे राहिले. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली स्थापलेले आमचे अहमदनगर महाविद्यालय त्या छत्राखाली आले. पुढे १९६२ त कोल्हापूरचे विद्यापीठ निघाले, १९९० त जळगावचे निघाले, आणि एकेक जिल्हा आपापल्या घरी गेला. पुणे, नाशिक व नगर हे तीन जिल्हे मात्र एका चुलीवर राहिले. जिल्ह्याचे नाव आज अहिल्यानगर झाले आहे आणि विद्यापीठासही २०१४ पासून सावित्रीबाई फुल्यांचे नाव लाभले आहे. पण नाते तेच आहे. तेव्हा विद्यापीठाच्या नगरीत कोणी धनको संशोधनाचे दुकान थाटतो, त्या वेळी त्या दुकानात आपला वाटा कोणता, हे विचारण्याचा अधिकार नगरकरांस आहे असे आम्हांस वाटते.

कसब विकत आणून पदरी बाळगण्याची रीत या शहरास नवी नाही. निजामशाहीच्या काळात मुहम्मद रूमी नावाच्या तुर्की कारागिराने १५४९ साली याच नगरात मलिक-ए-मैदान ही तोफ ओतली. सुमारे ५५ टन वजनाची ती तोफ आज विजापूरच्या बुरुजावर आहे. ती पाहावयास जाणाऱ्या शंभरांपैकी पाच जणांनाही तिचे जन्मगाव ठाऊक नसते. आम्हांस या प्रकरणात तोफेचे फारसे अप्रूप नाही. ज्या दरबाराने कारागीर आणला त्याने त्याच्याकडून तोफ करवून घेतली. पण ओतकामाची विद्या गावाच्या अंगी मुरावी अशी काही तजवीज केल्याचे दिसत नाही. तोफ परक्याच्या हाती गेली आणि विद्याही गेली. धन्याने कसब पोसले तरी ते गावात रुजतेच असे नाही, एवढी गोष्ट ध्यानी ठेवून आपण चारशे वर्षे पुढे येऊ.

आणखी एक धागा नगरच्या किल्ल्यातूनच जातो. १९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ च्या मार्चपर्यंत पंडित नेहरू येथे बंदिवान होते व भारताच्या शोधाचा आपला ग्रंथ त्यांनी याच भिंतींआड लिहिला. त्याच नेहरूंनी ३ जानेवारी १९५० रोजी पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन केले. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना सुरू झाला. तेथे नुसत्या बाटल्या भरल्या जात नव्हत्या. थिरुमलाचार यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी तेथेच हॅमायसिन हे बुरशीवरचे औषध शोधून काढले. म्हणजे कारखान्याच्या आवारात संशोधन ही कल्पना पुण्यास खासगी कंपनीने शिकविली असे नव्हे. सरकारने ती आधीच करून दाखविली होती. नवे होते ते इतकेच की, १९८१ साली आलेल्या मंडळींजवळ कारखाना नव्हता, भट्टी नव्हती, मालाची गोदामे नव्हती. त्यांचा माल म्हणजे संगणकास द्यावयाच्या आज्ञावली.

या कंपनीची स्थापना १९६८ ची. तिला आकार दिला तो फकीरचंद कोहली यांनी. पेशावरात १९२४ साली जन्मलेला, लाहोर, कॅनडा व अमेरिका येथे शिकलेला हा वीजशास्त्राचा माणूस. १९५१ पासून टाटांच्या वीज कंपनीत होता. सत्तरीच्या दशकात परकीय चलनाची टंचाई एवढी होती की, बाहेरून संगणक आणावयाचा तर त्याच्या मोबदल्यात काही निर्यात करून दाखवावी लागे. कोहलींच्या कंपनीने बरोज या अमेरिकन यंत्रकंपनीशी संधान बांधले. एका जातीच्या यंत्राकरिता लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या जातीच्या यंत्रास समजत नाही. मोडीत लिहिलेला दस्त बालबोध वाचणाऱ्यापुढे ठेवावा तसाच तो प्रकार. ती ओळीमागून ओळ हाताने बदलीत बसावयाचे, की बदलण्याचे काम करणारी दुसरीच आज्ञावली रचावयाची? पहिल्या वाटेस माणसे पुष्कळ लागतात व बुद्धी थोडी. दुसऱ्या वाटेस उलट. प्रारंभीच्या निर्यातीच्या कामांत कंपनीने दुसरी वाट धरली. पुण्याच्या संशोधनशाळेचे बीज याच ठिकाणी आहे असे आमचे मत आहे. कोहलींस दिसले असावे की स्वस्त मजुरीवर उभा असलेला धंदा मजुरी महागली की बसतो. यंत्राकडूनच यंत्राचे काम करवून घेण्याची विद्या हाती असेल तरच तो तगेल.

त्यांनी संचालक निवडला तो मात्र संगणकशास्त्रज्ञ नव्हता. प्राध्यापक ई. सी. सुब्बाराव हे कानपूरच्या आयआयटीतील धातू व मृत्तिकाद्रव्यांचे पंडित. त्यांच्यामागोमाग कानपूरहूनच केशव नोरी आले. पास्कल नावाची संगणकभाषा निरनिराळ्या यंत्रांवर चालावी म्हणून झुरिकमध्ये जे भाषांतरयंत्र रचले गेले, त्याच्या कर्त्यांत नोरींचे नाव आहे. त्यामुळे केंद्राचे आरंभापासून दोन पाय झाले: एक सिमेंट-पोलादाच्या भट्ट्यांतील प्रक्रियांचे गणित, आणि दुसरा आज्ञावली रचण्याचे शास्त्र. दोन्हींत धागा एकच. भट्टीच्या आत काय चालले आहे हे डोळ्यांनी दिसत नाही, व लाखो ओळींच्या आज्ञावलीच्या पोटात काय चालले आहे हेही दिसत नाही. दोहोंचा नमुना कागदावर मांडून तपासावा लागतो.

जागा पुण्याचीच का, यावर पुष्कळ तर्क करता येतील. मुंबईचे मुख्य कार्यालय चार तासांवर, रासायनिक प्रयोगशाळा शेजारी, विद्यापीठ गावात, हवा बरी. परंतु पत्ता पाहा. विद्यापीठ गणेशखिंडीत आणि केंद्र शहराच्या थेट दुसऱ्या टोकास, कारखान्यांच्या रांगेत. कंपनीस विद्यापीठाची नगरी हवी होती; विद्यापीठ हवे होते की नाही, याविषयी आम्हांस शंका आहे. विद्यापीठाचे आवार वापरले ते सरकारने. अमेरिकेने महासंगणक देण्यात अडवणूक केल्यावर १९८८ साली विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक ही संस्था पुणे विद्यापीठाच्या आवारात वाढली, आणि १९९१ साली परम ८००० तयार झाला. भटकर हे अकोला जिल्ह्यातील खेड्यात जन्मलेले. याच संस्थेने संगणकाच्या पडद्यावर देवनागरी अक्षर उमटविण्याचे तंत्र वाढविले, हे मराठीत लिहिणाऱ्याने तरी विसरता कामा नये.

१९८१ सालाची आणखी एक गंमत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. त्याच वर्षी जुलैत सात अभियंत्यांनी अगदी अल्प भांडवलावर पुण्यातच एक कंपनी नोंदविली. ती इन्फोसिस. दोन वर्षांत ती बंगळूरला निघून गेली, कारण तिला तेथील एका मोटारभागांच्या कारखान्याचे काम मिळाले होते. १९८५ साली टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन कंपनीही बंगळूरलाच आली आणि उपग्रहाच्या दुव्याने आपले आरेखन थेट अमेरिकेस धाडू लागली. पुण्याने एक संस्था राखली व दुसरी गमावली, आणि दोन्हींत पुणेकरांचे कर्तृत्व वा दोष फारसा नव्हता. नगरीची कीर्ती वाढते तेव्हा नगरवासी स्वतःची पाठ थोपटून घेतात. वस्तुतः पुष्कळदा एखाद्या गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर सारे ठरलेले असते.

आता केंद्रातून काय निघाले? आज्ञावली आपोआप रचणारी साधने निघाली, ती कंपनीच्या कामी आली व तिच्याच मालकीची राहिली. पण एक शोध सर्वांच्या परिचयाचा आहे. भाताच्या तुसाची राख करून तिच्यापासून सिमेंट बनविता येईल काय, असा विचार केंद्रात चालू असता, ती राख पाणी गाळण्यास उत्तम, असे दिसून आले. त्यावरून घरगुती गाळणी तयार झाली. २००४ च्या डिसेंबरातील त्सुनामीनंतर आपद्ग्रस्तांस ती उपयोगी पडली, आणि २००९ च्या डिसेंबरात रुप्याच्या अतिसूक्ष्म कणांची जोड देऊन टाटा स्वच्छ या नावाने ती हजार रुपयांच्या आत बाजारात आली. तिला ना वीज लागते, ना नळाचे वाहते पाणी. भट्टीचे गणित करणाऱ्या धातुपंडितांस संगणकाच्या कंपनीत जागा मिळाली नसती तर ही राख उकिरड्यावरच राहिली असती. कोहलींनी उतारवयात हाती घेतलेले प्रौढ साक्षरतेचे कामही याच जातीचे. संगणकाच्या पडद्यावर अक्षरे न घोकविता शब्दांची चित्रे ओळखावयास शिकवून थोड्या तासांत निरक्षरास वर्तमानपत्र वाचता यावे, असा तो प्रयोग २००० च्या सुमारास आंध्रात सुरू झाला.

खासगी कंपनीस संशोधनाशी काय कर्तव्य, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाही, ते यामुळेच. पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ती मांडण्यास राहुरीइतके सोयीचे स्थळ नाही. महाराष्ट्रात कृषि विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले, दुसऱ्याच वर्षी त्याचे विभाग पडले आणि पश्चिम महाराष्ट्राचे विद्यापीठ आमच्या जिल्ह्यात, उसाच्या पट्ट्यात, राहुरीस आले. तेथे त्रिवेणी ही तीन जातींच्या संकराची गाय निपजली. २००३-०४ च्या सुमारास भगवा डाळिंब प्रसारित झाले. २००७ साली २६५ क्रमांकाचा ऊस आला. भगव्याचे कलम संगमनेरच्या शेतकऱ्याने सोलापूरच्या पाहुण्यास दिले तर त्यास कोणाची परवानगी लागली नाही. ही सरकारी पैशाने झालेली विद्या. ती बांधावरून बांधावर गेली. उलट आज्ञावलीचे बी बांधावरून जात नाही. नरेंद्र करमरकर यांनी १९८४ साली रेषीय आयोजनाची नवी गणितपद्धती शोधून काढली, ती अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत नोकरीस असताना. १९८८ साली कंपनीने त्या गणितावर एकस्व मिळविले. गणितासारखी वस्तू एखाद्याच्या मालकीची होऊ शकते हे ऐकून तेव्हा जगातील गणिती चकित झाले. कंपनीची संशोधनशाळा म्हटली की हा करार आलाच.

कोणी म्हणेल, मग तशी एखादी शाळा राहुरीस का आली नाही? विद्यापीठ आहे, जमीन आहे, पाणी आहे. उत्तर कडू असले तरी सोपे आहे. राहुरी हे विद्यापीठाचे गाव आहे, विद्यापीठाची नगरी नव्हे. संशोधकास पत्नीची नोकरी, मुलांची शाळा, दुसऱ्या शाखेतला विद्वान शेजारी, आणि आजची नोकरी सुटली तर उद्या धरावयाची दुसरी नोकरी, इतके सर्व लागते. नगरमध्ये संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे, तेथे उत्तम दर्जाचे अभियंते आहेत. परंतु संरक्षणाच्या कामास कुंपण असणारच, आणि कुंपणाआडची विद्या गावच्या पेठेत येत नाही. रूमीच्या भट्टीची आठवण येथे होते.

तरीही हडपसरच्या त्या शाळेशी व तिच्यासारख्या अनेक कार्यालयांशी नगरचा खरा संबंध जडला तो १९८३ पासून. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी मिळाली, आणि आमच्या जिल्ह्यात लोणी व कोपरगाव येथे अशी महाविद्यालये उभी राहिली. लोणी ही विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभारला त्या परिसरातील. त्या कारखान्याच्या भागाकरिता शेतकऱ्याने बायकोचे दागिने गहाण टाकल्याच्या कथा जुनी माणसे सांगत. सभासदाच्या उसातून कारखाना, कारखान्याच्या परिसरात महाविद्यालय, महाविद्यालयातून अभियंता, असा तो क्रम आहे. शेवटची पायरी मात्र जिल्ह्यात नव्हती. ती पुण्यास होती. पोरगा पेटी घेऊन शिवाजीनगरच्या एस.टी. स्थानकावर उतरला, चार जणांच्या खोलीत राहिला, आणि हडपसर वा हिंजवडीच्या कंपनीत लागला. बंगळूरला गेलेली इन्फोसिसही पुढे हिंजवडीस मोठे आवार बांधून पुण्यात परतली, आणि तिच्या दारातही हाच पोरगा उभा राहिला.

त्याच्या शिक्षणाचा खर्च कंपनीने केला नाही. तो उसाने केला, बापाच्या कर्जाने केला, आणि थोडाफार पुणे विद्यापीठाच्या नावाने केला. कंपनीने त्यास पगार दिला, व तो चांगला दिला. पण कामासाठी घेतलेले पुष्कळ आणि संशोधनासाठी घेतलेले थोडे. संशोधनशाळेच्या दारावर कानपूर, मुंबई व परदेशच्या पदव्यांची ओळख चालते. लोणी-कोपरगावची पदवी त्या दारापाशी बहुधा थबकते. विद्यापीठाने कंपनीस नगरी दिली, हवा दिली, माणसे दिली. मोबदल्यात, दर वर्षी आमच्या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयांतून दहा मुले त्या शाळेत दोन वर्षे उमेदवारीस घ्यावीत, एवढी अट घालण्याचे १९८१ साली कोणास सुचले नाही. ती आजही घालता येईल. विद्यापीठाच्या अधिसभेत नगरचे प्रतिनिधी बसतात, आणि ठराव मांडावयास एक अनुमोदक पुरतो.