अडुळसा

अडुळशाच्या शास्त्रीय नावात ‘अधाटोडा’ हा शब्द येतो. ध्वनी जुळतो म्हणून दोन्हींचे मूळ एकच मानण्याचा मोह होतो, पण मराठी शब्द संस्कृत ‘अटरूष’पासून आला, त्यात ‘र’चा ‘ळ’ झाला. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753मध्ये आपल्या ग्रंथात नोंदवलेल्या नावामागे तमिळ ‘आडु तोडा’ आहे, म्हणजे शेळी ज्याला तोंड लावत नाही ते. ही लोकव्युत्पत्ती वाटेल, मात्र पाला खरोखरच कडू असतो आणि शेळ्या (एरवी काहीही खाणाऱ्या!) तो टाळतात. अडुळसा औषधी मानला जातो; नुसत्या कडूपणावरून औषधीपणा सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्तच. तरी पानांतल्या व्हॅसिसिन या अल्कलॉइडवरूनच पुढे कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन घडवले गेले. ‘वासा’ या संस्कृत नावाचा वारसा व्हॅसिसिनने चालवला.