छापण्याची शाई व तिचें सोंवळें

मुंबईंत छापखाने नवे होते त्या काळीं छापील पुस्तकास न शिवणारे सोंवळे लोक होते. गोविंद नारायण माडगांवकर यांनीं १८६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘मुंबईचें वर्णन’ या ग्रंथांत अशा ब्राह्मणांचा उल्लेख केला आहे. शाईंत चरबी असते, ही त्यांची शंका सांगितली जाते. या शंकेस हंसण्याची चाल पडली आहे. पण ती शाई खरोखर कशाची होत असे, हें हंसणारे सहसा विचारीत नाहींत. आम्हींही फार दिवस विचारलें नव्हतें.

आपल्या पोथ्यांची शाई म्हणजे काजळ, बाभळीचा डिंक आणि पाणी. लाल अक्षरांस हिंगूळ. बोरूस ती उत्तम. पण धातूच्या खिळ्यांवर तिचे थेंब होऊन ओघळतात व कागदावर अर्धेंमुर्धें अक्षर उमटतें. मायन्झच्या गुटेनबर्गानें १४५० च्या सुमारास पाणी सोडून चित्रकारांचें तेल धरलें, यांतच त्याचें निम्में यश आहे असें आम्हांस वाटतें. त्याच्या बायबलाच्या शाईंत तांबें व शिसें आढळलें आहे; परंतु पुढें रुळलेली काळी शाई बहुतांशीं वनस्पतीचीच होती. जवसाचें तेल तार येईपर्यंत कढवावयाचें (आगीच्या भयानें हें काम बहुधा उघड्यावर चाले), त्यांत राळ घालावयाची आणि काजळ खलावयाचें. हें तेल पाण्यासारखें उडून जात नाहीं. हवेंतील प्राणवायु घेऊन तें पापुद्र्यासारखें घट्ट होतें. खोबरेलास हा गुण नाहीं.

मग चरबी कोठून आली? शाई जवसाची, पण ती खिळ्यांस लावणारे गोळे चामड्याचे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांची जागा सरस व काकवी यांच्या रुळांनीं घेतली. आणि सरस तर कातडीं व हाडें उकळूनच काढतात! शिळाछापाची गोष्ट याहून स्पष्ट आहे. झेनेफेल्डरनें १७९८ च्या सुमारास सिद्ध केलेली ती सारी कृति स्निग्ध पदार्थ व पाणी यांच्या वैरावर उभी आहे. दगडावर लिहिण्याच्या शाईंत चरबी, साबण व मेण असत. म्हणजे शंका अगदींच निराधार नव्हती. तिचें स्थान तेवढें चुकलें होतें.

गणपत कृष्णाजी यांनीं अमेरिकन मिशनचें शिळाछापाचें काम पाहून घरीं लांकडी यंत्र उभारलें, दगड शोधले, शाई स्वतः करून पाहिली आणि १८३१ सालीं पंचांग छापलें. धर्मग्रंथांसाठीं त्या काळीं तुपाची शाई केल्याची कथाही ऐकूं येते. तूप वाळत नाहीं. नुसत्या तुपांत खललेलें काजळ बोटास लागलें असतें. दगडावर लिहिण्याच्या शाईंत चरबीच्या जागीं तूप घातलें असावें, असा आमचा तर्क आहे.

काळा रंग सोपा. इतरांची अडचण निराळी. मंजिष्ठाचा काढा तेलांत मिसळत नाहीं. त्यांत तुरटी व मग खार घालून लाल सांका खालीं बसवावा लागतो. तो वाळवून, घोटून तेलांत मळावयाचा. नीळ मुळांतच पाण्यांत विरत नाहीं, म्हणून ती घोटली कीं झाली. हळद उन्हांत उडते. १८६८ सालीं जर्मनींत मंजिष्ठाचें मुख्य रंगद्रव्य कृत्रिम रीतीनें तयार झालें, १८९७ सालीं कृत्रिम नीळ बाजारांत आली, आणि हा खटाटोप मागें पडला. वर्तमानपत्रांच्या शाईंत तर जवसाऐवजीं खनिज तेल शिरलें. १९७० नंतर तें महागल्यावर अमेरिकेंत पुन्हां वनस्पतीकडे दृष्टि वळली व १९८७ सालीं आयोवांतील एका दैनिकानें सोयाबीनच्या तेलाची शाई वापरली. तें तेल जवसाइतकें लौकर वाळत नाहीं. वर्तमानपत्राचा कागद तें शोषून घेतो म्हणून निभावतें.

आमच्या घरीं एक जुनी शिळाछाप पोथी आहे. तिच्या कांहीं पानांवर प्रत्येक अक्षराभोंवतीं पिवळसर कडा पसरली आहे. त्या दिवशीं तेल पुरतें कढलें नव्हतें.