तात्या विंचूला आपण हसलो का आणि घाबरलो का?

माझगावच्या आमच्या चाळीत टीव्हीवर ‘झपाटलेला’ लागला की मी पोट धरून हसायचो, आणि रात्री पाणी प्यायला एकटा उठायचो नाही. एकाच पिक्चरने दोन्ही कसं केलं?

महेश कोठारेंचा हा सिनेमा १९९३चा. गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, ही कल्पना १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’ची. पण इथे लक्ष्याला शब्दभ्रमकार व्हायचंय, आणि तात्या विंचूचा बाहुला घडवला तो शब्दभ्रमकार रामदास पाध्येंनी. सगळी मेख इथेच आहे. बाहुले बोलवण्याचा नाद असलेला माणूस ‘बाहुला खरंच बोलला’ म्हणून ओरडला, तर विश्वास कोण ठेवणार? गावाला तो वेडा वाटतो. आपण त्याच्या फजितीला हसतो, पण तो खरं बोलतोय हे फक्त आपल्याला माहीत असतं. भीती तिथूनच येते. आपलं कुणी ऐकत नाही, ही भीती भुताहून जुनी.

दोषही आहेत. विनोद बाहुल्याला सोडून प्रेमप्रकरणात आणि पोलिसांच्या धांदलीत शिरला की भीती पार विरते. २०१३च्या ‘झपाटलेला २’मध्ये थ्रीडी आलं, तात्या परतला. पण लक्ष्मीकांत बेर्डे २००४मध्येच गेले होते. ज्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही तो लक्ष्याच नसेल, तर तात्या विंचू नुसता बाहुला उरतो.