सांडव्याला जाळी ठोकली होती

भिवंडी-वाडा पट्ट्यात जागा घेऊन फार्महाऊसपुढे ओढा अडवायचा विचार असेल, तर ३१ मे १८८९ चा हा घटनाक्रम आधी वाचा.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातले साउथ फोर्क धरण मातीचे होते, सुमारे ७२ फूट उंच. मालक होता पिट्सबर्गच्या धनिकांचा क्लब. अँड्र्यू कार्नेगी त्याचे सभासद. तलाव केवळ मासेमारी आणि नौकाविहारासाठी. तळातून पाणी सोडायचे लोखंडी नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते. क्लबने ते परत बसवले नाहीत. उलट घोडागाड्या जाव्यात म्हणून धरणाचा माथा उतरवून रुंद केला आणि महागडे मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या ठोकल्या.

सकाळ : रात्रभराच्या मुसळधार पावसाने पाणी माथ्याच्या जवळ पोचलेले. क्लबचे अध्यक्ष एलायस अंगर मजूर घेऊन बांधावर धावले. जाळीत ओंडके, फांद्या, पाला गच्च अडकलेला. पाण्याचा दाब एवढा, की आता जाळी निघेना. काहींनी माथ्यावर माती चढवली, काहींनी पश्चिम टोकाला दुसरा सांडवा खणायला घेतला. कठीण जमिनीत तो फारसा खोल गेलाच नाही.

११.३० च्या सुमारास : तरुण अभियंता जॉन पार्क घोड्यावरून साउथ फोर्क गावात इशारा द्यायला गेला. खाली २२ किलोमीटरवर जॉन्सटाउन. पण धरण फुटल्याची आवई तिथे दर पावसाळी उठायची. तारा आल्या, त्या कोणी मनावर घेतल्या नाहीत.

दुपार : पाणी माथ्यावरून वाहू लागले. मातीच्या धरणाचा इथेच घात होतो. वरून पडणारे पाणी मागचा उतार कोरत जाते. अंगरने माणसांना मागे बोलावले.

३.१० च्या सुमारास : मधला भराव गेला. सुमारे दोन कोटी टन पाणी दरीत सुटले.

४.०७ : झाडे, घरे, रेल्वेचे डबे घेऊन लोंढा जॉन्सटाउनवर आदळला. दगडी पुलापाशी अडकलेल्या ढिगाऱ्याला आग लागली. पुरातून वाचलेले काही जण त्यात होरपळले.

मृतांचा आकडा २,२०० वर गेला. कोर्टात क्लबला जबाबदार धरले गेले नाही.

आपल्याकडे २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूणजवळचे तिवरे धरण फुटले, वीसहून अधिक माणसे गेली. ते सरकारी होते. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच आणि काही अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. खासगी तळ्याचा आठ-दहा फुटी बांध त्यात येतच नाही. म्हणून त्याची राखण मालकालाच करायची आहे. मृगाआधी सांडवा मोकळा करा, जाळी काढा, बांधावरची झाडे मोठी होऊ देऊ नका. आणि खालच्या पाड्यावरच्या दोन-चार जणांचे फोन नंबर जवळ ठेवा.